एका खेळाचें गुणदोषपरीक्षण

विद्यार्थिमित्रहो, कविता, निबंध किंवा नाटक ह्यांचें परीक्षण कसें करावें हें आपणांस वर्गांत शिकविलें जातें. कवीचा हेतु कोणता, शब्दयोजना कशी, कोणता रस साधला आणि तो कोठें बिघडला, हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. परंतु शाळा सुटल्यावर ज्यांत आपला पुष्कळसा वेळ जातो, त्या व्हिडिओ गेमविषयीं मात्र आपण दोनच शब्द वापरतों : 'भारी' आणि 'बेकार'. घरची वडील मंडळी त्यांत तिसऱ्या मताची भर घालतात. तें म्हणजे 'वेळेचा नाश'. ह्या तिहींपैकीं एकालाहि परीक्षण म्हणतां येणार नाहीं. पहिलीं दोन नुसत्या आवडीनिवडीचीं चिन्हें आहेत, आणि तिसरें मत बहुधा वस्तु न पाहतांच दिलेलें असतें. खेळाचें परीक्षणहि काव्याच्या परीक्षणाइतक्याच काळजीनें करतां येतें, आणि तसें केलें असतां आपणांस स्वतःविषयींहि कांहीं कळतें, हें एका उदाहरणानें दाखवावें असा ह्या लेखाचा उद्देश आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. ते म्हणाले, "सर, सुटीभर हा मुलगा राक्षस मारीत बसला होता. गणिताची वही कोरीच आहे. आपण त्याला चार शब्द सांगा. आपलें तो ऐकेल." मीं विचारलें, "आपण तो खेळ पाहिला आहे काय?" "पाहण्यासारखें त्यांत काय असणार?" असें त्यांनीं उत्तर दिलें. मीहि तो पाहिलेला नव्हता. न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता, आणि विद्यार्थ्यानें तसें केलें तर मी त्याला गुण देत नाहीं. म्हणून मीं त्यांना सांगितलें कीं, उपदेश करण्यापूर्वीं मला तो खेळ पाहूं द्या. त्याप्रमाणें पुढील तीन आठवडे शनिवारीं व रविवारीं सायंकाळीं मी त्यांच्या घरीं जाऊन बसलों. बहुतेक वेळ मुलगा खेळे व मी पाहत असें. कांहीं वेळ कंट्रोलर माझ्याहि हातीं होता, आणि माझ्यामुळें नायक किती वेळां खालीं कोसळला हें येथें न सांगितलेलेंच बरें.

कृतीचा परिचय

त्या खेळाचें नांव 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. कोलॉसस म्हणजे प्रचंड आकाराची मूर्ति. आपण येथें 'महाकाय' हा शब्द योजूं. सोनी कंपनीच्या जपानांतील एका चमूनें फुमितो उएदा ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं तो रचला, आणि इ. स. २००५ सालीं तो प्लेस्टेशन २ ह्या यंत्रासाठीं प्रसिद्ध झाला. ह्याच चमूनें त्यापूर्वीं, इ. स. २००१ सालीं, 'इको' नांवाचा खेळ केला होता. संगीत को ओतानी ह्यांचें आहे. इ. स. २०११ सालीं हा खेळ प्लेस्टेशन ३ वर पुन्हा निघाला, आणि इ. स. २०१८ सालीं ब्लूपॉइंट ह्या अमेरिकन संस्थेनें सर्व चित्रें नव्यानें घडवून प्लेस्टेशन ४ साठीं त्याची नवी आवृत्ति काढली. आमच्या विद्यार्थ्याजवळ होती ती ही शेवटची आवृत्ति. ज्या वर्गाच्या खेळांस 'ॲक्शन-ॲडव्हेंचर' म्हणतात त्या वर्गांत हा मोडतो. म्हणजे ह्यांत हातांची चपळाई आणि वाट शोधून कोडें उलगडण्याची बुद्धि ह्या दोहोंची गरज असते.

कथानक अगदीं थोडें आहे. वांडर नांवाचा एक तरुण आग्रो नांवाच्या घोड्यावर बसून, मोनो नांवाच्या तरुणीचें शव घेऊन एका निषिद्ध प्रदेशांत येतो. तिचा बळी देण्यांत आला आहे, आणि ती पुन्हा जिवंत व्हावी एवढीच त्याची इच्छा आहे. तेथील भव्य देवालयांत डॉर्मिन नांवाची एक अदृश्य शक्ति त्याच्याशीं बोलते. देवालयाच्या भिंतींलगत सोळा मूर्ति आहेत. त्या मर्त्याच्या हातानें फुटावयाच्या नाहींत. परंतु प्रत्येक मूर्तीशीं जोडलेला एकेक जिवंत महाकाय त्या प्रदेशांत वावरत आहे. त्या सोळांचा वध केला तर तरुणी उठण्याचा संभव आहे, असें ती शक्ति सांगते. आणि ह्याची किंमत फार जबर पडेल अशी सूचनाहि देते. वांडर ती सूचना मनावर घेत नाहीं. येथून खेळणाऱ्याचें काम सुरू होतें.

तें काम असें. तलवार उन्हांत उंच धरली कीं तिचे किरण ज्या दिशेला एकवटतात त्या दिशेला पुढचा महाकाय असतो. सांवलींत मात्र ही तलवार वाट दाखवीत नाहीं. घोड्यावरून माळ, दऱ्या व वाळवंटें ओलांडून तेथवर जावयाचें, आणि मग त्या प्रचंड देहावर चढण्याचा मार्ग शोधावयाचा. अंगावरील केंसांना किंवा दगडी कंगोऱ्यांना धरून वर जातां येतें. पण धरून राहण्याची शक्ति मर्यादित आहे. पडद्यावर एक वर्तुळ दिसतें. हात घट्ट धरलेला असेतों तें लहान होत जातें, आणि तें संपलें कीं हात सुटतो. शेवटीं देहावरील चमकणाऱ्या मर्मस्थानीं तलवार खुपसावयाची. नायकाजवळ एक तलवार व एक धनुष्य ह्यांखेरीज दुसरें शस्त्र नाहीं, आणि सोबतीला घोड्याखेरीज कोणी नाहीं.

परीक्षणाची रीति

आतां परीक्षणाकडे वळूं. कोणत्याहि कृतीला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : कर्त्याला काय साधावयाचें होतें? दुसरा : त्यासाठीं त्यानें योजलेलीं साधनें योग्य आहेत काय? तिसरा : जें साधलें तें साधण्याजोगें होतें काय? ह्यांपैकीं पहिला प्रश्न टाळून आपण दुसऱ्यावर उडी घेतों, आणि तेथेंच घोटाळा होतो. ज्याला भजन म्हणावयाचें आहे त्याच्या गाण्यांत ताना नाहींत म्हणून त्याला दोष देणें बरोबर नव्हे. अकराव्या शतकांतील काश्मीरचे पंडित क्षेमेन्द्र ह्यांनीं औचित्य हें काव्याचें जीवित मानलें आहे. अलंकार स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. ज्या जागीं तो शोभतो तेथें तो गुण, ज्या जागीं शोभत नाहीं तेथें तो दोष. ही कसोटी खेळालाहि लागू पडते.

ह्या खेळाचा हेतु काय? माझ्या मतें हेतु असा : एका मनुष्यानें प्रेमापोटीं केलेलें अविचारी कृत्य खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातून करवून घ्यावें, आणि त्या कृत्याचा भार त्याच्या मनावर हळूहळू ठेवावा. हा हेतु डोळ्यांपुढें ठेवून आपण गुण व दोष पाहूं.

गुण

पहिला गुण परिमिततेचा. ह्या वर्गाच्या इतर खेळांत नायक वाटेनें शेंकडों लहानसहान शत्रु मारीत जातो, नाणीं गोळा करतो, नवीं शस्त्रें विकत घेतो. येथें तसलें कांहीं नाहीं. एकंदर सोळा वध, आणि त्यांखेरीज लढाई नाहीं. आरंभीं अठ्ठेचाळीस महाकाय योजिले होते. ते कमी करीत प्रथम चोवीस व शेवटीं सोळा ठेविले. लेखनांत खोडण्याचें महत्त्व आम्ही नेहमीं सांगतों. त्याचें हें चांगलें उदाहरण होय. शत्रु शेंकडों असले तर एकाहि मृत्यूला किंमत राहत नाहीं. सोळा असल्यामुळें प्रत्येकाचा चेहरा लक्षांत राहतो.

दुसरा गुण रचनेचा. प्रत्येक महाकाय हें एक स्वतंत्र कोडें आहे. पहिल्याच्या पोटरीवर घाव घातला असतां तो गुडघा टेकतो व पाठीवर जाण्याची वाट होते. चौथा घोड्यासारखा आहे. भूमिगत वाटेंत लपलें असतां तो वांकून आंत डोकावतो, आणि तेवढ्यांत दुसऱ्या बाजूनें बाहेर पडून त्याच्यावर चढतां येतें. पांचवा सरोवरावर बसलेला पक्षी आहे. त्याला बाण मारला कीं तो आपल्यावर झेप घेतो, आणि त्या क्षणीं त्याच्या पंखावर उडी मारावी लागते. अकरावा इतरांहून पुष्कळच लहान पण चपळ आहे. तो आगीला भितो, म्हणून पेटतें लांकूड पुढें धरून त्याला कड्यापर्यंत मागें रेटावें लागतें. ह्यांत बळापेक्षां निरीक्षणाची परीक्षा अधिक आहे. मीं चौथ्यापुढें एक संपूर्ण सायंकाळ घालविली. विद्यार्थी हंसत होता, पण त्यानें उत्तर सांगितलें नाहीं, ह्याबद्दल मी त्याचा आभारी आहें.

तिसरा गुण संगीताचा, किंबहुना संगीत कोठें नसावें हें जाणण्याचा. प्रवासांत वाद्य बहुधा वाजत नाहीं; टापांचा व वाऱ्याचा आवाज तेवढा ऐकूं येतो. महाकाय समोर आल्यावर संगीत सुरू होतें, त्याच्यावर चढल्यावर तें वीरश्रीचें होतें. पण तो कोसळला कीं जयघोष होत नाहीं. त्याऐवजीं एक मंद, शोकाकुल सूर निघतो, आणि तो प्रचंड देह जमिनीवर सावकाश पडतांना आपणांस पाहावा लागतो. विजयाच्या जागीं करुण रस आणणें हें येथील मुख्य कौशल्य आहे.

दोष

आतां दोष. ते लपविणें म्हणजे परीक्षण सोडून स्तुतिपाठ करणें होय. इ. स. २००६ सालीं अमेरिकेंतील 'गेम डेव्हलपर्स चॉइस' पारितोषिकांत ह्या खेळाला त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरविण्यांत आलें. परंतु पारितोषिकानें दोष नाहींसे होत नाहींत.

पहिला दोष कॅमेऱ्याचा, म्हणजे ज्या अदृश्य डोळ्यानें आपण दृश्य पाहतों त्याचा. महाकायाच्या अंगावर लोंबकळत असतां तो डोळा पुष्कळदां भलत्याच बाजूला वळतो. समोर केंसांखेरीज कांहीं दिसत नाहीं, आणि कोठें उडी मारावी हें न कळून नायक पडतो. अशा पडण्यांत खेळणाऱ्याची चूक नसते, म्हणून त्यापासून तो कांहीं शिकतहि नाहीं. हा दोष नव्या आवृत्तींतहि पुरता गेलेला नाहीं.

दुसरा दोष यंत्राच्या शक्तीबाहेर जाण्याचा. मूळ आवृत्तींत मोठा महाकाय समोर आला कीं पडद्यावरील हालचाल अडखळत असे, कारण प्लेस्टेशन २ ला तें ओझें पेलत नव्हतें. नव्या आवृत्त्यांत ही हालचाल सुरळीत झाली, आणि तरीहि खेळाचा परिणाम कमी झाला नाहीं. ह्यावरून हा दोष बाहेरचा होता, कृतीच्या अंगचा नव्हता, असें ठरतें. दुरुस्त केल्यावर कृतीचें कांहींहि न गमावतां जो जातो, तो निखळ दोष, अशी एक सोपी खूण येथें आपणांस सांपडते.

तिसरा दोष पुनरावृत्तीचा. देवालय, प्रवास, वध, पुन्हा देवालय, हा क्रम सोळा वेळां जसाच्या तसा येतो. शिवाय शेवटचे घाव घालतांना महाकाय अंग झाडीत राहतो, आपण केंसांना धरून वाट पाहत राहतों, शक्तीचें वर्तुळ संपतें, आणि पुन्हा पहिल्यापासून चढावें लागतें. ह्या खटाटोपांत बुद्धीला काम नसतें. आपण उत्तर शोधीत असतां डॉर्मिनचा आवाज मध्येंच सूचना देतो, हेंहि विचार करणाऱ्याच्या कामांत विघ्नच आहे.

चौथा दोष पात्रांचा. मोनो कोण होती, तिचा व वांडरचा संबंध काय, ह्याविषयीं जवळजवळ कांहींच सांगितलेलें नाहीं. पात्रें एका कल्पित भाषेंत बोलतात व अर्थ खालीं अक्षरांत उमटतो, पण तें बोलणेंहि फार थोडें. गूढतेला मीहि मान देतों. तथापि जिच्यासाठीं सोळा जीव घ्यावयाचे तिची ओळखच नसावी, ही उणीव मला जाणवली.

भासणारे दोष

कांहीं गोष्टी प्रथमदर्शनीं दोष वाटतात, पण हेतु लक्षांत घेतां त्या गुण ठरतात. त्यांपैकीं दोन येथें घेऊं.

एक, तो प्रदेश ओसाड आहे. गांव नाहीं, माणूस नाहीं. पाली, पक्षी, मासे, एखादें फळझाड, एवढेंच. आमचा विद्यार्थी पहिल्या दिवशीं म्हणाला होता, "सर, मध्यें कांहींच नाहीं, नुसता घोडा पळवायचा." परंतु ह्या रिकामेपणांतच मागच्या वधाचा विचार करावयाला आणि पुढच्याची धास्ती घ्यावयाला अवकाश मिळतो. तेथें बाजार भरविला असता तर खेळ अधिक भरलेला दिसला असता, पण मनांत कांहीं उरलें नसतें.

दुसरी, घोडा लगेच ऐकत नाहीं. लगाम ओढला तरी तो क्षणभर आपल्याच मनानें जातो, कड्याजवळ अडतो, कधीं हांक मारूनहि उशिरा येतो. पुष्कळांनीं ह्याला सदोष रचना म्हटलें. परंतु खरा घोडा प्रत्येक वेळीं हुकूम पाळीत नाहीं, म्हणून आग्रोहि पाळणार नाहीं, असें कर्त्यांनीं बुद्धिपुरःसर ठरविलें होतें. त्याचा उपयोगहि आहे : धनुष्य ओढलेलें असतां लगामाकडे पाहावें लागत नाहीं, घोडा आपण होऊन वाट काढतो. तो वाहन नसून सोबती आहे हें अशा रीतीनें मनावर ठसतें, आणि पुढें शेवटच्या महाकायाकडे जातांना पूल ढासळून तो दरींत पडतो तेव्हां आपला हात आपोआप थांबतो. सायकल दरींत पडली असती तर असें झालें नसतें. तथापि अरुंद जागीं त्याच्या अडण्यानें विनाकारण त्रास होतो हेंहि खरें. येथें गुण आणि दोष एकाच मुळापासून निघालेले आहेत, आणि त्यांना वेगळें करणें सोपें नाहीं. परीक्षकानें अशा ठिकाणीं घाईनें गुण कापूं नयेत.

तेरावा महाकाय

तिसरा प्रश्न राहिला : जें साधलें तें साधण्याजोगें होतें काय? ह्याचें उत्तर मला एका रविवारीं मिळालें.

त्या दिवशीं तेरावा महाकाय होता. वाळवंटावर आकाशांत पोहत असल्यासारखा तो अतिशय लांब, सर्पासारखा प्राणी. त्याच्या पोटाखालीं हवेच्या पिशव्या आहेत. त्या बाणांनीं फोडल्या कीं तो खालीं येतो व त्याचे पंख वाळूंतून घासत जातात. मग घोडा भरधांव सोडून पंखावर उडी घ्यावयाची. मुलाचे वडील दारांत उभे होते. मुलानें दोन पिशव्या फोडल्या, आणि वडील म्हणाले, "हा तुला कांहीं करीत कां नाहीं?"

"हा हल्ला करीतच नाहीं, बाबा."

"मग ह्याला मारायचं कशाला?"

मुलानें खेळ थांबविला. थोड्या वेळानें तो म्हणाला, "न मारतां पुढें जातां येत नाहीं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढें त्यानें तो वध पुरा केला. तो लांबलचक देह वाळूवर कोसळला, मंद सूर वाजूं लागले, आणि नेहमींप्रमाणें त्या देहांतून काळे धागे निघून नायकाच्या शरीरांत शिरले. मुलगा म्हणाला, "सर, पहिल्यापासून हा रोडावत, काळवंडत चालला आहे. मीं पाहिलें होतें, पण विचार केला नव्हता." खरोखरच प्रत्येक वधानंतर नायकाची कांति बिघडत जाते, आणि देवालयांत शुद्धीवर येतांना त्याच्याभोंवतीं उभ्या असलेल्या छाया वाढत जातात. जबर किमतीची जी सूचना आरंभीं मिळाली होती तिचा अर्थ हाच. शेवट मी सांगत नाहीं. ज्यांस खेळावयाचें असेल त्यांचा तो हक्क आहे.

आपल्या परंपरेंत एक प्रसिद्ध कथा आहे. व्याधानें क्रौंचपक्ष्याच्या जोडप्यांतील एकाला बाण मारला. तें पाहून वाल्मीकींचें हृदय कळवळलें आणि शोकांतून श्लोक जन्मला. ती कथा ऐकतांना आपण ऋषीच्या बाजूला उभे असतों. ह्या खेळांत बाण आपल्या हातीं आहे. व्याध आपण, आणि कळवळावयाचें तेंहि आपणच. कथा वाचून जें सहज साधत नाहीं तें खेळाला येथें साधलें आहे, कारण खेळांत कृत्य वाचकाला स्वतः करावें लागतें.

ह्यावर एक गंभीर आक्षेप निघतो, आणि तो त्या मुलानेंच घेतला. "सर, खेळानें दुसरी वाटच ठेवली नाहीं, तर दोष माझा कसा?" आक्षेप खरा आहे. महाकायाला सोडून देण्याची मुभा ह्या खेळांत नाहीं, आणि ज्याला निवड नाहीं त्याला अपराधी ठरविणें न्यायाचें नव्हे. एवढ्यापुरता मी हा खेळाचा दोष मानतों. परंतु मीं त्याला विचारलें, "पहिले बारा मारतांना तुला दुसरी वाट हवीशी वाटली होती काय?" तो म्हणाला, "नाहीं." निवड नसणें हा खेळाचा दोष, निवड हवी असें बारा वेळां मनांतहि न येणें हा आपला. 'वरून हुकूम आला', 'दुसरी वाटच नव्हती', 'सगळेच असें करतात', हीं वाक्यें मनुष्यें खऱ्या जगांतहि बोलतात, आणि तेथें कंट्रोलर खालीं ठेवून कोणी विचारावयास थांबत नाहीं. जो खेळ हें एकदां थांबून विचारावयास लावतो, त्यानें साधण्याजोगें कांहीं साधलें, असें माझें मत आहे.

निर्णय

तेव्हां निर्णय असा. रचना, परिमितता आणि संगीत ह्यांत हा खेळ फार वरच्या प्रतीचा आहे. कॅमेरा, पुनरावृत्ति आणि पात्रांची उणीव हे त्याचे खरे दोष आहेत. ओसाडपणा व हट्टी घोडा हे दोष नव्हेत. हेतु उच्च आहे, परंतु तो खेळणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. जो घाईघाईनें सोळा डोकीं मोजील त्याच्या हातीं केवळ सोळा वध लागतील.

पालकांसाठीं दोन शब्द. अमेरिकेंत ह्या खेळाची वर्गवारी तेरा वर्षें व त्यावरील मुलांसाठीं अशी केलेली आहे, आणि ती मला योग्य वाटते. घावांतून काळें रक्त उसळतें तें लहानांना दाखवूं नये. वेळेविषयीं त्या वडिलांची तक्रार रास्त होती. खेळ चांगला असला म्हणून गणिताची कोरी वही क्षम्य होत नाहीं, हें मीं मुलाला सांगितलें व त्यानें तें मान्य केलें. पण त्याच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला, तो माझ्या उपदेशानें राहिला नाहीं. वडील पांच मिनिटें दारांत उभे राहिले आणि त्यांनीं खऱ्या उत्सुकतेनें एक प्रश्न विचारला, त्यामुळें तो उभा राहिला. मुलाच्या हातांतील वस्तूचें परीक्षण करावयाचें असेल तर प्रथम त्याच्या शेजारीं बसावें. पुढच्या रविवारीं मी गेलों तेव्हां अभ्यास संपला होता, आणि वडील खुर्ची ओढून आधींच बसलेले होते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. आपल्या आवडीच्या एका खेळाचा हेतु दोन वाक्यांत लिहा. 'मजा यावी' हें उत्तर पुरेसें नाहीं. कोणत्या प्रकारची मजा, तें सांगा.

२. त्या खेळांतील एक निखळ दोष व एक भासणारा दोष निवडा. दुरुस्ती केल्यास खेळ कांहीं गमावील काय, ह्या कसोटीनें दोहोंतील भेद स्पष्ट करा.

३. जो खेळ आपणांस मुळींच आवडत नाहीं, त्याचे तीन गुण प्रामाणिकपणें लिहा.

४. 'दुसरी वाटच नव्हती' असें आपण शेवटचें केव्हां म्हटलें? खरोखरच नव्हती काय? ह्याचें उत्तर वहींत लिहिण्याची आवश्यकता नाहीं.